गोळीला ताप कळत नाही

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यात आम्ही ऑफिसातले सहाजण राजमाचीला गेलो होतो. उतरताना एकाच्या सॅकमधून एक छोटा डबा घरंगळला. आत औषधाची कुपी, सिरिंज आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कार्ड. कार्डावर ठळक अक्षरात लिहिलेलं, की या माणसाला ॲड्रिनलचा आजार आहे, उलट्या थांबत नसतील किंवा शुद्ध हरपली असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब टोचा. हा आमच्यातला सगळ्यात धडधाकट गडी! खाली टपरीवर चहा घेताना विचारलं, तर हसून म्हणाला, "अरे, रोज गोळ्या घेतो, काही त्रास नाही. पण गोळीला ताप कळत नाही ना."

हे वाक्य डोक्यातून जाईना. रोज औषध घेतोय, तब्येत ठणठणीत आहे, मग खिशात इंजेक्शन कशाला? उत्तर शोधता शोधता दोन वीकेंड गेले आणि हाती लागली जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची गोष्ट. (मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. तेव्हा हा लेख इतिहास म्हणून वाचा, प्रिस्क्रिप्शन म्हणून नको.)

आधी थोडं शाळेचं पुस्तक आठवूया. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणायचे, डॉक्टर ॲड्रिनल म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. आतला गाभा ॲड्रिनॅलिन बनवतो, ते सगळ्यांना माहीत असतं. पण जीव अडकलेला असतो तो बाहेरच्या सालीत. ही साल मुख्यतः तीन प्रकारची संप्रेरकं बनवते. कॉर्टिसॉल रक्तातली साखर, रक्तदाब आणि आजारपणात तग धरण्याची ताकद सांभाळतं, अल्डोस्टेरॉन अंगातलं मीठ-पाणी सांभाळतं, आणि जोडीला थोडी पुरुषी संप्रेरकं.

आता गोष्ट सुरू होते लंडनमध्ये.

गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन या डॉक्टरने १८५५ साली एक छोटं पुस्तक छापलं. त्यात अकरा रुग्ण होते. अशक्तपणा, वजन घटणं, उलट्या, मंद नाडी, आणि त्वचा हळूहळू काळपट-तांबूस होत जाणं. मृत्यूनंतर शरीर उघडून पाहिलं तर ॲड्रिनल ग्रंथी खराब झालेल्या, त्यातल्या बऱ्याच जणांच्या क्षयरोगाने. तोपर्यंत या ग्रंथींचा उपयोग काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी काही तासांत मेले. म्हणजे टोपी शोभेची नव्हती तर!

रोग कळला, अवयव कळला. औषध सापडायला मात्र पाऊणशे वर्षं लागली. मधे एक मोठी हुलकावणी बसली. १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने शुद्ध ॲड्रिनॅलिन वेगळं केलं, तेव्हा वाटलं की सापडलं! पण ॲडिसनचे रुग्ण त्याने वाचेनात. कारण सोपं होतं. ॲड्रिनॅलिन गाभ्यातलं आणि खोट सालीत. आमच्या भाषेत सांगायचं तर बग एका मोड्यूलमध्ये आणि पॅच दुसऱ्याला. :)

१९३० च्या आसपास प्रिन्सटनमध्ये स्विंगल आणि फिफनर यांनी ग्रंथीच्या सालीचा असा अर्क बनवला, की ग्रंथी काढलेली मांजरं त्यावर जगू लागली. लगेच तो माणसांनाही दिला गेला. पण एका रुग्णाला जगवायला कत्तलखान्यातल्या ढिगाने ग्रंथी लागत, आणि अर्कही कधी दमदार तर कधी पाणचट. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या रॉबर्ट लोब यांनी दाखवलं की या रुग्णांच्या अंगातून मीठ वाहून जातं. त्यांना भरपूर मीठ दिलं तर ते सावरतात. म्हणजे इतकी वर्षं ज्या रोगापुढे सगळे हात टेकत होते, त्याच्यावरचा अर्धा उपाय स्वयंपाकघरातल्या बरणीत होता.

मग रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन. राइखश्टाइनने साधारण एक हजार किलो ग्रंथींपासून सुरुवात केली, म्हणजे सुमारे वीस हजार गुरांच्या! त्यातून शेवटी हातात आले काही ग्रॅम. त्यात एक नाही, अनेक पदार्थ निघाले. १९३७ साली त्याने त्यातलं एक संप्रेरक प्रयोगशाळेत बनवलं, डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन. नाव लांबलचक म्हणून सगळे त्याला डोका म्हणू लागले. (हो, डोकाच.) ते मीठ धरून ठेवायचं. इंजेक्शनने द्यायचे, नंतर कातडीखाली त्याच्या घट्ट गोळ्या पेरू लागले, म्हणजे औषध महिनोन्‌महिने झिरपत राहील.

इथे आमच्या मित्राच्या वाक्याचा पहिला धडा आहे. डोकावर रुग्ण उभे राहिले, कामाला जाऊ लागले. पण डोस थोडा जास्त झाला की अंगावर सूज, रक्तदाब वर, हृदयावर ताण. आणि साधा संसर्ग झाला, दात काढावा लागला, ताप आला, की हाच चालता-बोलता माणूस कोसळायचा. मिठाचा हिशेब जुळला होता, पण आजारपणात तग धरायला लागणारं कॉर्टिसॉल त्यात नव्हतंच.

केंडॉलकडे त्या कामाचा पदार्थ होता. त्याने अर्कातून निघालेल्या पदार्थांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरं दिली होती. त्यातलं ई म्हणजे कॉर्टिसोन आणि एफ म्हणजे आपलं कॉर्टिसॉल. अडचण एकच, की ई मिळायचं चिमूटभर. दुसऱ्या महायुद्धात अफवा उठली की जर्मन वैमानिक ॲड्रिनलचा अर्क घेऊन प्रचंड उंचीवर विमानं नेतात. अफवा खोटी होती, पण तिच्यामुळे अमेरिकन सरकारने या संशोधनाला जोर लावला. मर्क कंपनीतल्या लुइस सॅरेट या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १९४४ साली बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून, पस्तीसहून जास्त पायऱ्या चढून, कॉर्टिसोनचे काही मिलिग्रॅम बनवले.

यानंतरची घटना मोठी प्रसिद्ध आहे. मेयोमध्येच सांधेदुखीचे डॉक्टर होते फिलिप हेंच. त्यांनी कित्येक वर्षं एक गोष्ट पाहिली होती. संधिवाताच्या रुग्णाला कावीळ झाली किंवा बाईला दिवस गेले, की सांधे तात्पुरते मोकळे होतात. शरीर स्वतःच काहीतरी सोडत असणार, हा त्यांचा तर्क. २१ सप्टेंबर १९४८ ला त्यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला रोज १०० मिलिग्रॅम कॉर्टिसोन टोचायला सुरुवात केली. काही दिवसांत ती उठून चालू लागली, आठवड्याभरात बाजारहाटाला बाहेर पडली. १९४९ मध्ये बातमी फुटली आणि जगभर गहजब झाला. १९५० चं नोबेल केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना मिळालं.

सुरुवातीला किंमत होती ग्रॅमला सुमारे २०० डॉलर. मग अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली दाखवलं की रसायनशास्त्रातली सगळ्यात अवघड पायरी एक बुरशी आनंदाने करून देते. शिळ्या पावावर येणाऱ्या बुरशीच्या कुळातलीच ही, रायझोपस. कच्चा माल मिळू लागला मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून. किंमत धडाधड कोसळली. वीस हजार गुरं कापून जे मिळत नव्हतं, ते बुरशी आणि कंद देऊ लागले. १९५० च्या दशकातच फ्लुड्रोकॉर्टिसोन आलं, मीठ धरून ठेवणारी साधी तोंडी गोळी. डोकाची पेरणी हळूहळू बंद झाली.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पदार्थ कमी पडतो, बाहेरून घाला, झालं काम. आता यातली मेख बघा.

ॲड्रिनल ग्रंथी काही ठरलेल्या मापाने संप्रेरक सोडत नाही. मेंदूतून निरोप निघतो, तो पोचतो पियूषिका ग्रंथीला. ती एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते, आणि ते ॲड्रिनलला सांगतं, बनव. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच उलट वर जाऊन निरोप थांबवतं. पहाटे पातळी चढते, मध्यरात्री तळाला जाते, आणि ताप, अपघात, ऑपरेशन अशा वेळी काही पटींनी वाढते. म्हणजे ग्रंथी हे एक फंक्शन आहे. वेळ, संसर्ग, रक्तदाब अशी इनपुट घेऊन प्रत्येक क्षणी नवं उत्तर देणारं. आणि गोळी? गोळी म्हणजे हार्डकोड केलेला आकडा. बरं, त्याचाही असर काही तासांत उतरतो. म्हणूनच आजही रुग्ण साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (म्हणजे तेच कॉर्टिसॉल, गोळीच्या रूपात) दोन-तीन हप्त्यांत घेतात, सकाळी जास्त आणि दुपारनंतर कमी. शरीराच्या चढउताराची ही आपली ओबडधोबड नक्कल.

हार्डकोड आकड्याने एक वेगळाच घोटाळाही केला. बाहेरून भरपूर स्टेरॉइड आलं की पियूषिका म्हणते, आहे की पुरेसं, आणि निरोप बंद करते. निरोप नाही म्हणून ॲड्रिनल वाळते. हे केंडॉलचे सहकारी ड्वाइट इंगल यांनी १९३० च्या दशकातच उंदरांमध्ये दाखवलं होतं. पण संधिवाताच्या जादूच्या जल्लोषात ते कोण ऐकतो? १९५२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं, की संधिवातासाठी कॉर्टिसोन घेणारा एक तरुण रुग्ण ऑपरेशननंतर शॉकमध्ये गेला आणि दगावला. शवविच्छेदनात त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी सुकलेल्या निघाल्या. त्याला ॲडिसनचा रोग नव्हता. तो औषधाने तयार केला होता.

याच काळातली एक दुसरी केस पहा. १९४७ मध्ये लंडनला गेलेला एक तरुण अमेरिकन खासदार कोसळला. निदान झालं ॲडिसनचं. जहाजाने परत नेताना धर्मगुरूंनी शेवटचे विधीही उरकले होते. तो वाचला. डोकाच्या पेरलेल्या गोळ्या आणि नंतर तोंडाने कॉर्टिसोन, यांवर जगत राहिला. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्याच्या पाठीचं मोठं ऑपरेशन झालं. ॲडिसनच्या रुग्णावर एवढी शस्त्रक्रिया म्हणजे तेव्हा मृत्यूशीच गाठ. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी, चालू असताना आणि नंतर संप्रेरकांचे डोस हाताने वाढवत-उतरवत त्याला पार नेलं. १९५५ साली शस्त्रक्रियेच्या एका नियतकालिकात हा '३७ वर्षांचा पुरुष' नाव न देता छापून आला. नाव होतं जॉन एफ. केनेडी. १९६० च्या निवडणुकीत त्याच्या गोटाने हा आजार असल्याचं साफ नाकारलं, आणि तो राष्ट्राध्यक्ष झाला.

दोन्ही केसेस शेजारी ठेवा. औषध एकच, काळ एकच. एकाच्या बाबतीत कोणाला कल्पनाच नव्हती की या माणसाचं फंक्शन बंद पडलंय. दुसऱ्याच्या बाबतीत ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ग्रंथीने करायचा हिशेब डॉक्टर करत होते.

आता याच साखळीचा उपयोग करून कोणी इलाज केला का? केला, आणि तो मला या सगळ्या गोष्टीतला सर्वात सुंदर भाग वाटतो. काही बाळांच्या ॲड्रिनलमध्ये जन्मतः एक एन्झाइम नसतं. कॉर्टिसॉल बनत नाही, म्हणून पियूषिका ओरडत राहते, 'बनव, बनव'. ग्रंथी फुगते, आणि अडकलेला कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुली जन्मतात तेव्हा मुलगा की मुलगी हेच कळत नाही, आणि तीव्र प्रकारात बाळं मीठ गमावून काही आठवड्यांत दगावतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लॉसन विल्किन्स यांनी १९५० साली अशा रुग्णाला कॉर्टिसोन दिलं. उणीव भरून निघाली आणि पियूषिकेचं ओरडणंही थांबलं. पुरुषी संप्रेरकं खाली आली. एका गोळीने दोन कामं! फक्त ओरडणं थांबवायला डोस गरजेपेक्षा जास्त लागतो, आणि त्याने मुलांची उंची खुंटते. ही ओढाताण सत्तर वर्षं चालली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत क्रिनेसरफॉन्ट या औषधाला मंजुरी मिळाली. ते मेंदूकडून पियूषिकेला येणारा निरोपच अडवतं, म्हणून स्टेरॉइडचा डोस कमी करता येतो.

हा आजार आपल्यापासून लांब नाही हं. आयसीएमआरने मुंबईसह पाच शहरांत लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली, तेव्हा सुमारे पावणेसहा हजारांत एकाला हा आजार निघाला.

नाण्याची दुसरी बाजू म्हणजे कॉर्टिसॉल जास्त होणं. बॉस्टनचे हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये त्याचं चित्र मांडलं. गोल चेहरा, पोटावर चरबी, हातपाय काड्या, जांभळे व्रण, रक्तदाब, मधुमेह. पियूषिकेत बारीकशी गाठ आणि तिचा न थांबणारा निरोप, हे त्यातलं मुख्य कारण. दोन्ही ॲड्रिनल काढून टाकणं हा उपाय कॉर्टिसोन आल्यावरच शक्य झाला. म्हणजे जादाचा रोग घालवून कमतरतेचा रोग पत्करायचा.

ग्रंथीला आवरणारी औषधं बहुतेक आडवाटेने आली. १९४९ साली दिसलं की डीडीटीचा चुलतभाऊ डीडीडी कुत्र्यांना दिला तर त्यांच्या ॲड्रिनलची साल नष्ट होते. त्यातून मायटोटेन आलं, ॲड्रिनलच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध. ते घेणाऱ्या काही पुरुषांची छाती वाढली, तेव्हा कळलं की ते संप्रेरकांची निर्मितीच अडवतं. मग त्या दुष्परिणामालाच कुशिंगच्या रुग्णांसाठी औषध केलं. मेटिरापोन हे १९५० च्या दशकातलं, आणि २०२० मध्ये मंजूर झालेलं ओसिलोड्रोस्टॅट, दोन्ही कॉर्टिसॉल बनण्याची शेवटची पायरी अडवतात. पण इथेही तोच पेच! अडवणारी गोळीसुद्धा आकडाच. जास्त अडवलं की रुग्ण थेट ॲडिसनच्या दारात. म्हणून काही वेळा ग्रंथी पूर्ण बंद करतात आणि वरून हायड्रोकॉर्टिसोन देतात. फंक्शन कॉमेंट करून टाका, हाताने आकडा भरा. आपण डेडलाइनच्या आदल्या रात्री करतो तेच.

असो. हा सगळा इतिहास वाचून मला काय समजलं? पदार्थ शोधायला १८५५ ते १९४८ एवढा काळ लागला, तरी ते काम निम्मंच होतं. ग्रंथी दोन कामं करते, बनवणं आणि ठरवणं. बनवण्याचं काम कारखान्याने उचललं. ठरवण्याचं काम कोणत्याही गोळीला अजून जमलेलं नाही, ते रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या गळ्यात पडलंय. ताप आला की डोस दुप्पट. उलटी झाली, गोळी पोटात टिकली नाही, की इंजेक्शन. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला सांगायचंच. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन सुरू केलं की यकृत स्टेरॉइडचा फडशा लवकर पाडतं, म्हणजे पुन्हा डोस वाढवा. आपल्याकडे ॲड्रिनल खराब करण्यात क्षयाचा हात अजूनही आहे, त्यामुळे हे शेवटचं विसरून चालत नाही.

आणि ज्यांना ॲड्रिनलचा आजार नाही, त्यांचं काय? दमा, संधिवात, त्वचारोग, किडनीचे विकार, कितीतरी जणांना महिनोन्‌महिने स्टेरॉइड घ्यावं लागतं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त दहा दिवस, जीव वाचवतं. त्यानंतर हे नाव आपल्या घराघरांत पोचलं. औषध चांगलंच आहे. पण आपल्या आईने, मावशीने गुडघ्यांसाठी कोणाकडून तरी 'लगेच गुण येतो' अशा पुड्या आणल्या असतील आणि त्यात काय आहे हे माहीत नसेल, तर एकदा डॉक्टरला दाखवा. त्यात स्टेरॉइड असेल आणि वर्षभर पोटात गेलं असेल, तर ॲड्रिनल झोपलेली असू शकते. मग इंटरनेटवर वाचून घाबरून 'आजपासून बंद' केलं, तर ते १९५२ चं ऑपरेशन पुन्हा आपल्या घरात. बंद करायचं, पण डॉक्टरला विचारून, पायरी पायरीने, ग्रंथी जागी होईल तसं.

त्या दिवशी राजमाचीहून उतरून लोणावळा स्टेशनवर लोकलची वाट बघत होतो, तेव्हा आम्ही पाचही जणांनी मित्राकडून शिकून घेतलं. कुपी कशी फोडायची, औषध कसं ओढायचं, मांडीत कुठे टोचायचं. तो म्हणाला, "बायकोला येतं, आईला येतं, आता तुम्हाला पण."

पुढच्या ट्रेकला डबा कोणाच्या सॅकमध्ये आहे हे सगळ्यांना माहीत असेल.